केळीच्या पैशांचा चेक: किती भरवशाचा?

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याकडे केळीची गाडी भरून गेली की मोठ्या रकमेचा हिशेब अजूनही चेकवर होतो. आमच्या मते चेक घ्यायला हरकत नाही, पण तो वाचून घ्यावा.

बेअरर चेक सगळ्यात कच्चा. नावापुढचे ‘या धारक को’ हे छापील शब्द खोडलेले नसतील आणि चेक हरवला, तर ज्याच्या हाती पडेल तो काउंटरवर पैसे उचलू शकतो. डाव्या कोपऱ्यात नुसत्या दोन तिरप्या रेघा असतील तर रक्कम खात्यातच जाते, पण मागे सही करून चेक दुसऱ्याला देता येतो. रेघांच्या मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहिलेलं असेल तर तीही वाट बंद. शेतकऱ्यानं हाच मागावा.

चेक उजेडासमोर धरला की कागदात ‘सीटीएस इंडिया’ हा वॉटरमार्क दिसला पाहिजे. मग तारीख बघा. पुढची तारीख टाकलेला चेक त्या दिवसाआधी वटत नाही, आणि तारखेपासून 3 महिने उलटले की तो बाद होतो. नाव किंवा रकमेत खाडाखोड असेल तर शेजारी सही केली की चालतं, असं पुष्कळांना वाटतं. चालत नाही, क्लिअरिंगमधून, म्हणजे बँकांमधल्या वटवणीतून, चेक परत येतो. जागेवरच नवा लिहून घ्या. रक्कम 50,000 किंवा त्याहून जास्त असेल तर व्यापाऱ्याला ‘पॉझिटिव्ह पे केलंय का?’ असं विचारा. म्हणजे चेकची तारीख, नाव आणि रक्कम त्यानं आपल्या बँकेला आधीच कळवलेली असते.

वेग आता चांगला आहे. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक स्कॅन होऊन सतत पुढे जातात, आणि समोरच्या बँकेला संध्याकाळी 7 पर्यंत हो-नाही कळवावं लागतं. शाखेनं स्कॅनिंग लांबवलं तर मात्र दिवस जातो, म्हणून सकाळीच भरा.

चेक बाऊन्स झाला तर नुसत्या तोंडी वायद्यावर थांबू नका. बँकेकडून रिटर्न मेमो, म्हणजे चेक का परत आला ते सांगणारी चिठ्ठी, घ्या. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिनाभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या (चेक-हुंडीचा कायदा) कलम 138 खाली कोर्टात तक्रार करता येते. सही जुळत नाही किंवा पेमेंट थांबवलं, असा शेरा असला तरी हे कलम लागू शकतं. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी दिल्लीचा असला तरी चेक खात्यात भरला असेल तर खटला तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालतो. चेकची खरी ताकद इथे आहे.

अनोळखी व्यापारी असेल तर डिमांड ड्राफ्ट मागा. त्याचे पैसे बँकेनं आधीच घेतलेले असतात, त्यामुळे ‘खात्यात शिल्लक नाही’ म्हणून तो परत येत नाही.