हेलसिंकीत फिनलंड-स्वीडन अ‍ॅथलेटिक्स मॅच बघितली, तिकिटाचे पैसे पूर्ण वसूल

दोन दिवसांचं तिकीट काढलं तेव्हा शंका होती की दोनच देशांचे खेळाडू पळणार तर त्यात बघायचं काय, पण खरं सांगतो, टीव्हीवर डायमंड लीग (जगातल्या टॉपच्या अ‍ॅथलीटांची स्पर्धा) बघताना कधी आलं नाही एवढं टेन्शन इथे आलं आणि तेही पाचव्या नंबरसाठी!

कारण पॉइंट. प्रत्येक इव्हेंटला दोन्हीकडून तीन तीन जण आणि पॉइंट ७-५-४-३-२-१, म्हणजे पाचव्याला २, शेवटच्याला १ आणि डिसक्वालिफाय झाला तर तो एक पॉइंटही गेला. त्यामुळे पहिला कधीच फिनिश लाइन ओलांडून गेलेला असतो आणि सगळं स्टेडियम मागे राहिलेल्या दोघांसाठी उभं राहून ओरडत असतं. मला तर हेच सगळ्यात जास्त आवडलं, कुणाचंच पळणं फुकट जात नाही. रिलेला जिंकणाऱ्या टीमला ५, हरणाऱ्या टीमला २. पुरुषांचा आणि महिलांचा निकाल वेगवेगळा लागतो.

फिनलंडवाले या मॅचला रुओत्सी-ओत्तेलु म्हणजे स्वीडनची मॅच म्हणतात, स्वीडनवाले फिनकांपेन म्हणजे फिनलंडशी झुंज, दोघांनी नाव समोरच्याचं ठेवलंय. सुरुवात १९२५ ला इथेच हेलसिंकीत झाली. १९३१ ला दोन्ही देशांतलं भांडण इतकं चिघळलं की पुढची मॅच थेट १९३९ ला. त्यात १९३२ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर फिनलंडचा स्टार धावपटू पावो नुर्मी याला पैसे घेऊन पळतो म्हणून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं बाहेर ठेवलं आणि तिचा अध्यक्ष होता स्वीडनचा सिगफ्रिड एडस्ट्रॉम, मग राग येणारच ना. त्याच नुर्मीचा पळता पुतळा स्टेडियमबाहेर आहे, आत जायच्या आधी तिथे दोन मिनिटं थांबाच.

हे ऑलिंपिक स्टेडियम १९३८ चं आहे पण काम करून २०२० ला पुन्हा उघडलंय, आता सगळ्या सीटवर छप्पर आहे, पहिल्या दिवशी पाऊस आला तरी आम्ही कोरडे. टॉवर ७२.७१ मीटर, म्हणजे फिनलंडच्या मॅट्टी यार्विनेननं १९३२ च्या ऑलिंपिकला गोल्ड जिंकताना जेवढा भाला फेकला बरोबर तेवढा! वर जाऊन खाली बघितलं की तो थ्रो केवढा होता ते कळतं. भालाफेक सुरू झाली की इथलं पब्लिक वेगळंच होतं, रनअपला टाळ्या, भाला हवेत असताना एकदम शांत आणि मग जो काही आवाज होतो!

आणि हो, शेजारीच ती जुनी एक्झिबिशन हॉलची बिल्डिंग आहे जिथे १९५२ च्या ऑलिंपिकला आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ घेतलं. मी बाहेरूनच नमस्कार केला, अंगावर काटा आला खरंच.

त्रास एवढाच की तिकिटाच्या साइटवर सीटचा नकाशा उघडतच नव्हता, अंदाजानं सीट घेतली आणि लांब उडीचा पिट पार पलीकडे आला. शिवाय रेस चालू असताना फेकी आणि उड्या पण चालूच असतात, त्यामुळे टाइमटेबल हातात ठेवा नाहीतर अर्धं सुटतं.

मॅच आलटून पालटून दोन्ही देशांत होते, आता मला ती स्टॉकहोमच्या १९१२ वाल्या विटांच्या स्टेडियममध्ये बघायचीय, यावेळी मात्र सीट नीट बघून घेणार.