टाईप लावायचे तर कुठल्या पद्धतीनं? पायथन, पीएचपी, टाईपस्क्रिप्ट, रुबी

दूध संस्थेचं बिलिंग, फौंड्रीतल्या मालाचा हिशोब, असली कामं कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत नाहीतर गोकुळ शिरगावला करणारी बरीच पोरं स्क्रिप्टनंच भागवत्यात, आणि कोड वाढला की टाईप लावायचा, म्हणजे कुठल्या नावात आकडा येणार का मजकूर ते लिहून ठेवायचा, विषय निघतोच. मग वाद कशावर, तर टाईप नावाच्या आधी का नंतर. भावा, त्याची डोळ्याला आठवड्यात सवय होते. चुकीची व्हॅल्यू आली तर अडवतंय कोण आणि कधी, ते बघ.

पायथन दिसायला सगळ्यात भारी. व्हर्जन 3.5 पासून, म्हणजे 2015 पासून टाईप हिंट आहेत, नावापुढं कोलन, रिटर्नला बाण, बास. पण रन होताना पायथन त्याकडं ढुंकून बघत नाही. लिटरला फ्लोट (दशांशाचा आकडा) लिहिलंयस, फाईलीतनं "12" ही स्ट्रिंग (मजकूर) आली आणि दराच्या 3 नं गुणलं, तर 36 नाही, "121212" येतंय, एरर पण नाही (दर 45.5 असता तर निदान एरर तरी मिळाली असती). अडवायचं काम मायपाय या टाईप तपासणाऱ्या टूलचं, ते वेगळं चालवायला लागतं. सीएसव्ही रीडर स्ट्रिंग देतो हे त्याला कळतंय म्हणून तिथं पकडतं, जेसन या दुसऱ्या डेटा फॉरमॅटमधनं आलं तर टाईप 'एनी' (काही पण चालेल) आणि गप सोडून देतंय. ज्या फंक्शनला हिंटच नाही त्याच्या आत तर सेटिंग न बदलता बघतच नाही.

पीएचपीत टाईप व्हेरिएबलच्या आधी, आणि 7.0 पासून स्केलर टाईप (आकडा, स्ट्रिंग असले साधे) चालू कोडमध्येच तपासले जातात. साध्या मोडमध्ये "12" चा गुपचूप आकडा होतो, फाईलीच्या सुरवातीला स्ट्रिक्ट टाईप्सची ओळ टाकली की टाईप एरर. गोम अशी की फंक्शनला व्हॅल्यू देताना नियम कॉल करणाऱ्या फाईलीचा लागतो, फंक्शन जिथं लिहिलंय तिथला नाही, हे लई जणांना उशिरा कळतं. तरी जुना कोड एकेक फाईल करत कडक करायला यापेक्षा सोपं मला दुसरं दिसलं नाही.

टाईपस्क्रिप्ट म्हणजे टाईप लावलेली जावास्क्रिप्ट, तिचं कोलन पायथनसारखंच, स्ट्रिक्ट मात्र अख्ख्या प्रोजेक्टच्या कॉन्फिगमध्ये, आणि रन व्हायच्या आधी टाईप पुसले जातात. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) 23.6 पासून टाईपस्क्रिप्टची फाईल थेट चालते म्हणून खूश होऊ नका, तो टाईप नुसते काढून टाकतो, तपासत नाही.

रुबीची टाईप लिहायची पद्धत आरबीएस, रुबी 3.0 बरोबर आलेली, टाईप वेगळ्या फाईलीत ठेवते. कोड स्वच्छ राहतो पण दोन ठिकाणी बदल कोण करणार? रुबीच पाहिजे तर सॉर्बेट हे टूल बघा, त्यात टाईपची सही (सिग्नेचर) मेथडच्या डोक्यावर असते आणि रन होताना पण तपासते.

पीएचपी आधीच असंल तर भाषा बदलू नका, स्ट्रिक्टची ओळ टाकत जावा. पायथनवाल्यांनी डेटा आत येतो तिथंच फ्लोट करून घ्यायचा आणि मायपायचा स्ट्रिक्ट मोड आधी फक्त बिलाच्या फाईलीवर लावायचा, एकदम सगळीकडं लावला तर एररची यादी बघूनच बंद करून टाकाल.