लाल रिंग हाताला लागली

पैसे गेले ते गेलेच. 42,000 स्पीकरचे आणि 2,200 छोटा हत्तीवाल्याचे. घरी अजून 25,000 हाच आकडा माहीत आहे, त्यामुळे चाळीसगावातल्या ओळखीच्यांनी हे वाचलं तर आमच्याकडे चहाला आल्यावर विषय काढू नये, ही विनंती.

नाद जुना. शाळेत असताना सुट्टीत भुसावळला मामाकडे जायचो, तेव्हा शेजारच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कंबरेएवढे दोन स्पीकर होते. त्यांच्यावर तबला लागला की डग्ग्याचा घुमारा पोटात जाणवायचा. तेव्हापासून डोक्यात होतं, आपल्याकडे असे जमिनीवर उभे राहणारे स्पीकर हवेत. नोकरी, घर, मुलांची शिक्षणं यात तीस वर्षं गेली. मागच्या एप्रिलमध्ये मोबाईलवर जाहिरात दिसली: सर्विन-वेगा, 15 इंची वूफर, 'वडिलांनी कुवेतहून आणलेले, एकहाती वापर'. फोटोत वूफरभोवती ती लाल रिंग.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. सर्विन-वेगा ही अमेरिकेची कंपनी, 1954 साली सुरू झालेली. 1974 मध्ये थिएटरातल्या खुर्च्या हादरवणारी सेन्सराउंड यंत्रणा आली, तिचे स्पीकर यांचेच. वूफर म्हणजे स्पीकरमधला खालचे स्वर काढणारा मोठा गोल भाग, आणि त्याच्या कडेची लाल रिंग ही त्यांची ओळख. ती रिंग फोमची असते, आणि माझी सगळी फसवणूक त्या एका शब्दात होती. मला तो शब्द माहीत होता, तरी फसलो.

गाठ धुळ्यात पडली, एका नव्या कॉलनीत. माणूस पस्तिशीचा, बोलायला गोड. आल्याआल्या "सर, तुम्ही शिक्षक, म्हणजे वस्तू चांगल्या घरी चालली" म्हणाला. आईने पोहे आणले. भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो. "बाबा रोज संध्याकाळी रेडिओ ह्याच्यावरच ऐकायचे," असं म्हणताना त्या माउलीने पदर डोळ्याला लावला. ती खरंच त्याची आई होती की नाही, हे आता मला सांगता येणार नाही. पण पोहे खाल्ल्यावर माणसाच्या हातून स्क्रू ड्रायव्हर निघत नाही. भीड ही भिकेची बहीण, हे मी मुलांना फळ्यावर लिहून देत आलोय.

मी जाळी काढून बघू म्हटलं. तो म्हणाला, "सर, कापड जुनं झालंय, ओढलं की फाटतं. बाजूने बघा ना, रिंग दिसते." बाजूच्या फटीतून मोबाईलचा टॉर्च मारला. लाल रिंग दिसली. अखंड, गुळगुळीत, लालभडक. मी खूष झालो. खरं तर तिथेच उठायला हवं होतं.

फोमची रिंग साधारण पंधरा-वीस वर्षं टिकते. ऊन, दमट हवा, उष्णता यांनी ती आतून कुजते आणि बोट लावलं की जुन्या उशीच्या स्पंजासारखी भुकटी होऊन पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, दुपारी पत्र्याखाली ठेवलेली मेणबत्ती वाकते. अशा मुलखात चाळीस वर्षांचा फोम नव्यासारखा राहतो? एक तर रिंग बदललेली असणार, नाहीतर ती फोमची नसणारच. कापडाची किंवा रबराची रिंग टिकते, फोमची नाही. उलट रिंग गळालेली असती आणि त्याने तसं सांगितलं असतं, तर सौदा चांगला ठरला असता. मूळ वूफर शाबूत असेल तर नवी फोम रिंग चिकटवून घेता येते, हातात कला असणारा माणूस ते काम एका दिवसात करतो.

मग त्याने गाणं लावलं. त्याच्याच पेनड्राइव्हवरचं, लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं. बेस असा आला की शोकेसमधल्या स्टीलच्या वाट्या किणकिणल्या. आवाज दोन्ही स्पीकरांमधून येतोय असंच वाटत होतं. मी माझी भीमसेनजींची कॅसेट नेली होती, पण "टेपचा बेल्ट गेलाय" म्हणाला. पैसे रोख मागितले, "बँक खातं बाबांच्या नावावर होतं, सर, आता सगळी भानगड" म्हणून. पावतीचं मी विचारलं नाही. तेही भिडेपोटीच.

घरी आल्यावर हॉलमधला सोफा हलवला, स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेतले, तोंडं किंचित आत वळवली, जुना ॲम्प्लिफायर जोडला आणि भीमसेनजी लावले. आवाज पातळ. तंबोरा आहे, स्वर आहे, पण खाली जमीनच नाही. मधोमध बसलो तर गायक खोलीत नेमका कुठे आहे तेच कळेना, दोन्ही कानांवर कापूस ठेवल्यासारखं.

ही खूण मला ठाऊक होती. एका स्पीकरची तार उलटी जोडली गेली की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. दोघांच्या हवेची कुस्ती होते आणि बेस मरतो. मागच्या तारा बघितल्या तर लाल लालला, काळी काळीला, सगळं बरोबर. मग दीड व्होल्टचा सेल घेतला. जाळीचं कापड ब्लेडने कडेने सोडवलं (फाटलं नाही, अजिबात नाही), आणि सेलचा धन लाल टर्मिनलला, ऋण काळ्याला, नुसता टेकवून काढला. एका स्पीकरचा वूफर बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. जेबीएल या दुसऱ्या कंपनीच्या कित्येक जुन्या स्पीकरांत लालला धन लावला की पडदा आत जायचा, त्यामुळे एकट्या स्पीकरवरून निष्कर्ष काढू नये. पण एकाच जोडीतले दोन स्पीकर एकमेकांच्या उलट चालले, याचा अर्थ आत कुणीतरी हात घातलाय.

एका बाजूची तार उलटून लावली. गायक मधोमध येऊन बसला, पण बेस तरी येईना. डावी-उजवी तार अदलाबदल केली, दोष बाजू बदलतो का बघितलं, म्हणजे ॲम्प्लिफायर खराब की स्पीकर ते कळतं. दोन्हीकडे सारखंच. स्पीकर कोपऱ्यात सरकवले, कारण दोन भिंतींच्या कोपऱ्यात बेस फुगतो, इतका की चांगला स्पीकर गदगद करायला लागतो. इथे कोपऱ्यात नेऊनही काहीच फुगेना. उजव्याचा ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा भाग, मधूनच गप्प व्हायचा, पण मागचं ट्रेबलचं बटण फिरवलं की खरखर करून परत बोलायचा. त्या बटणामागचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा भाग, गंजला होता, क्लीनर मारून सुटला. त्या एका गोष्टीने मला उगाच उमेद आली. बायको दोनदा विचारून गेली, "झालं का हो?" मी म्हटलं, "जुन्या वस्तूला वेळ द्यावा लागतो."

वेळ तीन दिवस दिला. चौथ्या दिवशी आप्पांना बोलावलं. आप्पा आमच्याकडचे जुने रेडिओ मेकॅनिक. हल्ली डीजेवाल्यांचे जळालेले वूफर भरून देतात, म्हणजे नवी कॉइल बसवून देतात. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी सोल्डरने जोडलेली. ते काही ऐकायच्या आतच खाली बसले, बोट जिभेला लावलं आणि लाल रिंगवर घासलं. मग बोट वर करून मला दाखवलं. टोक लाल झालं होतं.

"हाऊ ते रंग शे, सर."

मी म्हटलं, कसला रंग? ते हसले नाहीत. पेचकस मागितला. आठ स्क्रू, त्यातले सहा गंजके आणि दोन चकचकीत नवे. वूफर बाहेर ओढला तेव्हा मागे काय आहे ते मलाही समजलं. लाकडात जुने स्क्रू होते तिथली भोकं एम-सीलने बुजवलेली, नवी भोकं शेजारी पाडलेली. चुंबकावरचा स्टिकर खरवडलेला. सोल्डर ताजं, चांदीसारखं. रिंग फोमची नव्हतीच, चुण्या घातलेल्या कापडाची होती, आणि तिच्यावर ब्रशने लाल ऑइल पेंट. ब्रशचा एक केसही चिकटलेला होता. आप्पांनी तो केस चिमटीत धरून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

म्हणजे मूळ वूफर कधीच काढून विकले गेले होते आणि त्यांच्या जागी डीजेच्या खोक्यातले देशी 15 इंची बसवले होते. असा वूफर मोकळ्या मैदानात, मोठ्या ॲम्प्लिफायरवर कमाल करतो. त्याची रिंग ताठ असते, घरच्या आवाजात पडदा खोल हलतच नाही, म्हणून खालचे स्वर निघत नाहीत. मल्टिमीटर लावला तर एकाचा रोध 5.6 ओहम, दुसऱ्याचा 7.4. दोन्ही वूफर वेगवेगळ्या ठिकाणचे. मूळ जोडीत हे आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

"मग धुळ्याला बेस कुठून येत होता?" मी विचारलं. आप्पांनी उलट मलाच विचारलं, "खोलीमा आखो काय व्हतं?" आणि मी डोळे मिटून ती खोली आठवायला लागलो. फोटो. शोकेस. दोन स्पीकरांच्या मधे दिवाण. दिवाणावर हिरव्या फुलांची चादर, थेट फरशीपर्यंत सोडलेली. आणि तिच्या कडेखालून निघून ॲम्प्लिफायरच्या मागे गेलेली एक बारीक करडी वायर. मी ती बघितली होती. मोबाईलचा चार्जर असेल म्हणून सोडून दिली होती. दिवाणाखाली सबवूफर होता, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारा वेगळा स्पीकर. अगदी खोल बेस कुठून येतोय ते आपल्या कानाला सांगता येत नाही, त्यामुळे तो उभ्या स्पीकरातूनच येतोय असं वाटणारच.

फोन बंद. धुळ्याला गेलो तर घर महिनाभरासाठी भाड्याने घेतलेलं, खोली रिकामी, खिळ्यावर फोटोसुद्धा नाही. पोलिसांत अर्ज दिला, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडला. ऑनलाइन पैसे दिले असते तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून रक्कम अडवायचा प्रयत्न तरी करता आला असता. रोख पैशाला ना नाव, ना खातं.

खोकी मात्र अस्सल निघाली. त्यात बसतील असे वूफर शोधतोय. आप्पा म्हणतात रिंग गळालेलेच आणा, बाकी मी बघतो. आता कुठे जुना स्पीकर बघायला गेलो तर खिशात सेल, मल्टिमीटर आणि माझा पेनड्राइव्ह असतो. जाळी आधी काढतो, पोहे नंतर.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच. परवा नंदुरबारची एक जाहिरात दिसली. दुसरं नाव, दुसरा नंबर, 'काकांनी मस्कतहून आणलेले'. स्पीकर काळे, रिंग लाल. फोटोच्या कोपऱ्यात दिवाणाचा एक पाय आणि त्याच्यावरून फरशीपर्यंत सोडलेली हिरव्या फुलांची चादर. तिकडे कोणी जाणार असाल तर आधी ती चादर उचला.