घरच्या घरी कॉर्न स्नेकची पैदास: एक हंगाम सामान वापरल्यानंतरचं माझं मत

कॉर्न स्नेकची एक जोडी आणि तिच्या विणीसाठी घेतलेलं सगळं सामान आता थंडी, अंडी आणि पिल्लांचे पहिले महिने अशा तिन्ही टप्प्यांतून वापरून झालं आहे. त्यावरून माझं ठाम मत झालंय की जोडीवर कमी आणि पिल्लांच्या सोयीवर जास्त खर्च करावा, आणि तोही नर-मादी एकत्र सोडायच्या आधी. बहुतेक जण उलट करतात. देखण्या रंगाच्या सापांवर पैसे घालवतात आणि अंडी फुटायला लागली की डबे शोधत फिरतात.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इथे हा साप पाळायला परवाना लागत नाही. भारतातून वाचणाऱ्यांनी मात्र हे लक्षात घ्यावं: आपल्याकडचा कोणताही देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो बिनविषारी असला तरी. बॉल पायथनसारख्या साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी जाती ज्यांच्याकडे आहेत, त्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. आपला तस्कर साप आणि हा पूर्वी एकाच प्रजातीत (genus), इलाफेमध्ये धरले जायचे. ज्यांनी शेताच्या बांधावर तस्कर पाहिलाय त्यांना या सापाची चाल लगेच ओळखीची वाटेल. बिनविषारी, चार-पाच फुटांपर्यंत वाढणारा आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगणारा. ही वर्षं मनात धरूनच पुढचं वाचा.

सामानात पहिला मान थर्मोस्टॅटचा. हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, कुठलीही घ्या, मोठा फरक पडत नाही. पण थर्मोस्टॅटशिवाय ती चाळीस अंशांच्या वर सहज जाते आणि सापाचं पोट भाजतं. तापलेल्या जागेवरून साप वेळेत उठतोच असं नाही. मी हॅबिस्टॅट कंपनीचा पल्स प्रपोर्शनल प्रकारातला घेतला. साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट ठरलेल्या अंशाला वीज तोडतो आणि तापमान बरंच उतरलं की परत जोडतो, त्यामुळे पारा सतत वरखाली होत राहतो. पल्सवाला छोट्या छोट्या झटक्यांत वीज देतो आणि ठरलेल्या अंशाजवळ आला की झटके कमी करतो. मोठ्या सापांना साधाही चालतो, अंड्यांना मी तो कधीच लावणार नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर चिकटपट्टीने नाही, तर क्लिपने पक्का करा. चिकटपट्टी उबेने सुटते, सेन्सर थंड बाजूला घसरतो आणि मॅट तापतच राहते. शिवाय सापाच्या अंगाला चिकटपट्टी चिकटली तर सोडवताना कातडी निघते. शेजारी एक वेगळा डिजिटल थर्मामीटर हवाच. थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये. उबदार बाजू २८ ते ३० आणि गार बाजू २२-२३ अंश एवढं जमलं की निम्मं काम झालं.

रॅकबद्दल दोन मतं ऐकू येतात आणि मला दोन्ही अर्धी पटतात. छोट्या पिल्लांसाठी प्लास्टिकच्या खणांचा रॅक उत्तमच. जागा लहान असली की पिल्लू बिनधास्त राहतं, लपतं आणि खातं. मोठ्या सापांना मात्र मी रॅकमध्ये ठेवत नाही. त्यांना पूर्ण लांब होता यावं, फांदीवर चढता यावं म्हणून दोघांना चार-चार फुटी लाकडी व्हायव्हेरियम, म्हणजे सापाची पेटीसारखी घरं, दिली आहेत. मादी संध्याकाळी फांदीवर जाऊन बसते. खणात ठेवली असती तर ही सवय दिसलीही नसती. रॅक जुना घेतला तरी हरकत नाही, पण खण आणि वरची फळी यांतली फट बघून घ्या. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून पिल्लू निघून जातं.

सगळ्यात वाईट अनुभव तयार इन्क्युबेटरचा. नाव घेत नाही. दाखवत होता २८, आणि आत ठेवलेला माझा थर्मामीटर दीड अंश जास्त सांगत होता. वर पंख्याने आतली हवा कोरडी व्हायची. हे यंत्र मुळात कोंबडीच्या अंड्यांसाठी केलेलं. कोंबडीची अंडी फिरवावी लागतात. सापाची एकदा स्थिर झाली की अजिबात फिरवायची नाहीत, कारण आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो. शेवटी थर्मोकोलचं जाड खोकं, तळाशी मॅट, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आणि तोच पल्स थर्मोस्टॅट असं जुळवलं. बाटल्यांमुळे ऊब धरून राहते, झाकण उघडलं तरी पारा कोसळत नाही. अंड्यांच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरणारं दाणेदार खनिज) आणि तेवढ्याच वजनाचं पाणी, मुठीत दाबलं तर थेंब गळू नये इतपत. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण. २८ अंशांना साधारण दोन महिने लागतात.

मादीबद्दल घाई नको. तीन वर्षं, तीन फूट आणि तीनशे ग्रॅम ही जुन्या पाळणाऱ्यांची किमान अट आहे. मी ती किमानच मानते आणि जास्त वजनाची वाट बघते. विणीआधीच्या थंडीत दोन-अडीच महिने दहा-बारा अंशांत ठेवायचं, आणि त्याआधी दोन-तीन आठवडे खाणं बंद. पोटात उंदीर असताना गारठ्यात ठेवला तर तो पचत नाही, आतच सडतो. त्यासाठी मी गॅरेजमधलं कपाट वापरते. अंड्यांआधी मादी एकदा कात टाकते आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत अंडी येतात. तोवर ओल्या स्फॅग्नम मॉसचा (एक प्रकारचं शेवाळ) झाकणाचा डबा तिच्या घरात असलाच पाहिजे, नाहीतर ती पाण्याच्या भांड्यात अंडी घालते आणि ती बुडून मरतात.

सोळा अंडी आली, त्यांतली दोन पिवळट आणि पोकळ. बाकीची श्रावणात फुटायला लागली. नागपंचमीला आईने फोनवर आठवण करून दिली की आज काही चिरायचं-तळायचं नाही. त्या दिवशी मी दिंडं उकडत होते आणि शेजारच्या खोलीत पिल्लांची नाकं अंड्यातून बाहेर आली होती. ती तशीच एखाद-दोन दिवस बसतात, राहिलेला बलक शोषून घेतात. त्यांना ओढून काढू नका.

खरा कस इथून लागतो. आठवडाभराने पहिली कात, मग पहिला पिंकी, म्हणजे एक दिवसाचा उंदीर. फ्रीझरमधला, गरम पाण्यात पिशवीसकट वितळवलेला. मायक्रोवेव्ह कधीही नाही. उंदरांसाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर ठेवलाय, आणि साल्मोनेला या जंतूमुळे हात धुण्याला आमच्या घरी सूट नाही. प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा, वेगळं पाणी, आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा. स्वयंपाकाचा काटा पाच-सहा ग्रॅमच्या पिल्लाला निरुपयोगी. एकत्र ठेवली तर एकमेकांना गिळू शकतात. दोन-तीन पिल्लं खाईनात. पिंकी कोमट करून, रात्री अंधारात, छोट्या डबीत पिल्लासोबत ठेवला की बहुतेक ऐकतात. त्याला धीर लागतो, आणि रोज डबा उघडून बघण्याचा मोह आवरावा लागतो.

रंगांच्या हिशोबात मी फार पडत नाही. अ‍ॅमेल (काळं रंगद्रव्य नसलेला) नर आणि तो गुण पोटात बाळगणारी साधी मादी, म्हणजे साधारण निम्मी पिल्लं केशरी-लाल. सनकिस्ड या रंगप्रकाराच्या वंशाचे साप घेणार असाल तर स्टारगेझर या मज्जासंस्थेच्या आनुवंशिक दोषाची चौकशी केल्याशिवाय घेऊ नका. त्या पिल्लांना तोल सावरत नाही, मान आभाळाकडे वळते.

यातून पैसे सुटतील असं वाटत असेल तर नका करू. साध्या रंगाच्या पिल्लाला इथे फार भाव नाही, आणि सोडून दिलेले कॉर्न स्नेक प्राणिनिवाऱ्यांत नेहमीच असतात. हौसेची चार पिल्लं देणं वेगळं. धंदा म्हणून विकायचं तर इथल्या २०१८ च्या नियमांनुसार काउन्सिलचा परवाना लागतो. स्वतःहून चार-पाच वेळा खाल्ल्याशिवाय मी पिल्लू देत नाही. सोबत खाणं, कात आणि वजन लिहिलेलं कार्ड देते, आणि घेणाऱ्याच्या घरी थर्मोस्टॅट बसवून झाल्याचा फोटो आधी मागते. काहींना याचा राग येतो. त्यांना पिल्लू मिळत नाही.

उशिरा खायला लागलेली दोन पिल्लं अजून माझ्याकडेच आहेत आणि ती राहतील. मादीचं वजन अंड्यांआधीच्या आकड्यावर परत आलंय, तरी या हिवाळ्यात तिला गॅरेजमध्ये नेणार नाही. ती वर्षभर फक्त खाईल आणि फांदीवर बसेल.