पेपर क्ले, नऊ महिन्यांनंतर: वासाचं भांडण आणि न छापलेली तारीख

पेपर क्लेची, म्हणजे कागदाचा लगदा मिसळलेल्या मातीची, दहा किलोची तिसरी पिशवी ऐन आषाढात उघडली आणि गटाराचं झाकण निघाल्यासारखा वास सुटला. आत काळे ठिपके, वर पिवळट पाणी. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "माती मुरलीय, चांगलीच आहे." साताऱ्यापर्यंतचं ट्रान्सपोर्ट धरून साध्या स्टोनवेअर मातीच्या जवळपास दुप्पट पैसे मोजल्यावर हे ऐकायचं!

तसा माल कामाचा. कासच्या डबक्यांत येणारं वायतुऱ्याचं फूल मातीत घडवायचं म्हणा. त्याचा तुरा वर दुभंगतो आणि साधी माती नेमकी त्या बेचक्यातच तडकते, कारण बारीक फाटे आधी वाळून आकसतात, जाड देठ ओलाच राहतो. पेपर क्लेत फाटे आणि देठ वेगवेगळे पूर्ण वाळवायचे, जोडाच्या जागी ओला ब्रश फिरवायचा आणि त्याच मातीची साईसारखी स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावून कोरड्याला कोरडं चिकटवायचं. पहिल्या दोन पिशव्यांत असे 15 जोड केले, 14 टिकले. कारवीच्या पाकळ्या 2 मिमीपर्यंत लाटल्या, त्याही उभ्या राहिल्या.

आता वास. इथे मत बदललंय. ओला लगदा बुरशी आणि जिवाणू खाणारच, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकर. वास सहन होतो. तंतू खाल्ला गेला तर मात्र पैसे मातीत. मातीची पट्टी लाटून हळूच फाडा. कडेला बारीक केस दिसले तर तंतू शाबूत. कड लोण्यासारखी साफ निघाली तर संपला. तिसऱ्या पिशवीची कड साफ निघाली. मळायला मऊसूत, पण वाळलेला फाटा उचलला की बोटात तुकडा. आणि पिशवीवर माती कधी भरली याची तारीख नाही! पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर असते.

म्हणून आता घरीच. टॉयलेट पेपर गरम पाण्यात भिजवून, ड्रिलला रंग ढवळायचा दांडा लावून लगदा करायचा आणि चाळणीत निथळायचा. तीन वाट्या दाट स्लिपला एक वाटी लगदा, मग पीओपीच्या लादीवर पसरायचं. अंड्यांच्या ट्रेचा लगदा फुकट पडतो, पण गाठी राहतात आणि पाकळीवर फोडासारख्या दिसतात. पंधरा दिवसांत संपेल एवढंच करा. उरलं तर पातळ पोळ्या लाटून वाळवा. कोरड्यात काही सडत नाही आणि पाण्यात टाकल्या की पुन्हा विरघळतात.

भट्टीत घाई नको. 600 अंशांपर्यंत तासाला 80 अंशांच्या आत, भट्टीच्या भोकाचा बुच काढलेला, खोलीच्या खिडक्या उघड्या. कागद जळताना धूर बराच होतो. बुच आधी लावला तर धूर कोंडून भट्टीच्या तापणाऱ्या तारांवरचा ऑक्साइडचा थर खराब होतो, आणि जाड तुकडा आत काळा राहतो. बागेत ठेवायचं असेल तर बिस्कवर (पहिल्या, बिनग्लेझच्या भाजणीवर) थांबू नका; सच्छिद्र असतं, पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरतं.

मालाला चार तारे, तारखेपायी एक वजा, म्हणजे तीन. त्या पिशवीतली उरलेली चार किलो माती फेकली नाही. जाड बैठकींना तंतू लागत नाही, तिथे खपतेय.