कम्युनिटी कॉलेज की थेट यूसी? कॅलिफोर्नियातला हिशेब

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) युनिटमागे (श्रेयांकामागे) 46 डॉलर पडतात; ट्रान्सफरसाठी, म्हणजे तिथून पुढे यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जाण्यासाठी, लागणारी 60 सेमिस्टर युनिट्स 2,760 डॉलरमध्ये होतात. यूसीत एका वर्षाची नुसती फीच 14 हजारांपुढे, राहणं-खाणं वेगळं. उत्पन्न कमी असेल तर 'ब्लू अँड गोल्ड' योजनेत यूसीची फी भागू शकते, ते आधी तपासा. एच-4 व्हिसावरच्या (एच-1बी नोकरदारांच्या) मुलांना मात्र संघीय मदत मिळत नाही, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा.

यूसीत चार वर्षांचा आराखडा तयार मिळतो. कम्युनिटी कॉलेजात तो स्वतः लावावा लागतो आणि घोळ होतो तो इथेच. इंजिनिअरिंगची फिजिक्स मालिका कॅल्क्युलसवर अडते. पहिल्या सेमिस्टरला प्रीकॅल्क्युलस घेतलं, की पुढचं सगळं मागे सरकतं आणि दोनाची अडीच-तीन वर्षं होतात. म्हणून नाव नोंदवण्याआधीच 'असिस्ट' संकेतस्थळावर आपलं कॉलेज, यूसीचा हवा तो कॅम्पस आणि मेजर (मुख्य विषय) टाकून लागणाऱ्या कोर्सची यादी काढा. एका कॅम्पसला पुरणारे कोर्स दुसऱ्याला पुरतीलच असं नाही.

डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे यूसीचे कॅम्पस 'टॅग' या ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेतून प्रवेशाची हमी देतात. पण अर्ज एकाच कॅम्पसला, 1 ते 30 सप्टेंबरमध्ये, आणि काही मेजर वगळून. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो ही हमी देत नाहीत.

मेजर पक्कं नसेल तर आमचं मत कम्युनिटी कॉलेजकडे. पहिल्या वर्षापासून संशोधनाच्या लॅबमध्ये शिरायचं असेल तर थेट यूसी.