हॅलोवीनचा 'कीपर ऑफ द सेव्हन कीज पार्ट टू' परत ऐकला

परवा सकाळी वेताळ टेकडीवर चालताना हा अल्बम लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गाणं न उडवता, किती वर्षांनी कोण जाणे. हॅलोवीन म्हणजे हॅम्बुर्गची हेवी मेटलवाली पोरं, अल्बम 1988चा, आणि माझ्याकडे आला तो मित्राच्या भावाच्या सीडीवरून भरून घेतलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. आता नव्वदच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची आणि शेवटचं साडेतेरा मिनिटांचं टायटल साँग सुरू होतं एक्केचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास, म्हणजे चार मिनिटांत खट्ट! उठा, कॅसेट उलटी करा, मग पुढे. परवा पण बरोबर त्या जागी कान खट्टची वाट बघत होते.

'ईगल फ्लाय फ्री'ला अजूनही अंगावर काटा येतो. मध्ये गिटारबरोबर बेस आणि ड्रम्सलाही आपापला तुकडा मिळतो, आणि ड्रमर इंगो श्विख्टेनबर्ग दोन्ही पायांनी काय डबल बास ड्रम वाजवतो राव... तेव्हा आम्ही नुसते गिटारवर फिदा, ड्रमरचं नाव पण माहीत नव्हतं. 1995 ला गेला बिचारा. गायक मायकल किस्के तेव्हा 20 वर्षांचा, तार सप्तकात जाऊन असा आरामात बसतो की आई स्वयंपाकघरातून विचारायची, त्याला काय चावलंय का रे?

सगळंच भारी आहे असं नाही हां. किस्केनं स्वतः लिहिलेली दोन गाणी, आवाज झकास पण गाणं जागचं हलत नाही. 'डॉक्टर स्टाईन' आता पोरकट वाटतं, तरी टेकडी उतरताना तेच गुणगुणत होतो 😄. आणि 'आय वाँट आउट' गिटारिस्ट काई हॅन्सनचं, तो त्यानंतर लवकरच बँड सोडून गेला, गॅमा रे नावाचा स्वतःचा बँड काढला, त्यामुळे आता ते गाणं मला चालीवर लावलेला राजीनामाच वाटतो.

खरी मजा टायटल साँगची. द्वेष, भीती, हाव, अज्ञान अशा एकेका समुद्रात एकेक किल्ली फेकायची, गोष्ट अगदी आजीच्या गोष्टींसारखी, आणि मधेच सगळं संथ होऊन परत उसळतं. मित्र म्हणतात फार लांब आहे. अरे सवाईला तासतासभर एक राग ऐकता की!

फक्त मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, ड्रम्स म्हणजे पत्र्यावर पाऊस वाटतो. हेडफोन लावा.